अध्यक्षपद आणि कार्यभार

संस्था कोणाच्या नावाने ओळखली जाते आणि ती प्रत्यक्षात कोण चालवितो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा सभेचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे गेले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतःकडे घेतले ते व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद, म्हणजे कामाची खुर्ची. चिटणीसपद सी. ना. शिवतरकर यांच्याकडे होते. सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. आपली निवासी शाळा त्याच परंपरेतील आहे.

आज पालघर जिल्ह्यात अशी संस्था चालविणाऱ्या कार्यकारी प्रमुखाची अवस्था आम्ही जवळून पाहतो. वर विश्वस्त मंडळ, समोर देणगीदार, पाठीशी समाज. आणि सायंकाळी सात वाजता भोजनगृहात रांगेत उभी असलेली मुले. या सर्वांचे समाधान एकाच निर्णयाने होत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग देणगीचा असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक केले. त्यामुळे तारापूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारी असणे ही संधीच आहे. परंतु देणाऱ्याला दिसणारी वस्तू आवडते. संगणक मिळतात, ते शिकविणाऱ्याचे वेतन मिळत नाही. नामफलकासह खोली मिळते, गृहपालाचा पगार आणि तांदूळ मात्र संस्थेच्या माथी. प्रमुखाने अशा वेळी नम्रपणे, वर्षभराच्या खर्चाचा कागद पुढे ठेवून, "आम्हांस याची गरज आहे" असे सांगितले पाहिजे. नको असलेले दान नाकारणे हाही कारभाराचा भाग आहे. विश्वस्तांनी त्या नकारामागे उभे राहावे, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

दुसरा प्रश्न उत्तराधिकाराचा, आणि त्याबद्दल आपल्याकडे बोलणेही अशुभ मानतात! ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हापासून अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडला गेले. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तेव्हा अनुताईंच्या गाठीशी अठ्ठावीस वर्षांचा अनुभव होता. म्हणून काम खंडित झाले नाही. याउलट बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या विश्वस्तपदांचे वाद पुढे न्यायालयात गेले. सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालये उभारणाऱ्या संस्थेच्या वाट्याला हे यावे, याचे दुःख आम्हांस आजही आहे.

विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे पडून राहिला की भांडणाला कायद्याचे हत्यार मिळते. प्रमुखाने हा कागद कधीही मागे ठेवू नये, आणि सह्या, खाती, करार यांची माहिती असलेला दुसरा माणूस आजच तयार करावा.

बोईसरच्या कारखान्यांत लेखा आणि खरेदी विभाग सांभाळणारे आपले माजी विद्यार्थी आहेत. वर्धापनदिनी ते हार घेऊन येतात, त्याचा आनंदच आहे. त्यांच्यापैकी दोघांनी महिन्यातून एक रविवार धान्यकोठाराची नोंदवही आणि बँकेचे पासबुक तपासण्यासाठी द्यावा, अशी आमची मागणी आहे. पुढचा कार्यकारी प्रमुख कदाचित त्यांतूनच मिळेल.