डाऊन लक्षणसमूह असलेल्या बालकाचे पाऊल व पादत्राण

विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. त्या सुमारास काळ्या जमिनीचा चिखल झालेला असतो आणि मुले पाय धुऊन शाळेच्या ओट्यावर चढतात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील इयत्ता १ ली ते ८ वीच्या विद्यार्थ्यांस एक जोडी बूट व दोन जोडी पायमोजे देण्याची योजना राज्य शासनाने सन २०२३-२४ मध्ये सुरू केली, तेव्हापासून मुलांच्या पायाचे माप हाही शिक्षकांच्या कामाचा एक भाग झाला. बहुतेक मुलांच्या बाबतीत वय व इयत्ता पाहून बुटाचा क्रमांक ठरविला तरी निभावते. ज्याच्या बाबतीत ते मुळीच निभावत नाही, असे एखादे मूल मात्र गावात असते. आणि आपला बूट बोचतो, हे त्याला बहुधा सांगता येत नाही. ते नुसते चालावयाचे थांबते. मग ते हट्टी ठरते, मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून बसते आणि काही दिवसांनी शाळेत येईनासे होते. त्याच्या बौद्धिक उणिवेची चर्चा घरीदारी होते. पायातील बूट काढून पाहण्याचे कोणास सुचत नाही.

हे मूल म्हणजे डाऊन लक्षणसमूह असलेले बालक. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज वैद्याने १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. तिचे कारण कळावयास पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. शरीराच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांपैकी एकविसाव्या जोडीत या मुलांना एक गुणसूत्र अधिक असते, असे १९५९ साली फ्रान्समधील जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. साधारणपणे आठशे ते हजार जन्मांमागे असे एक मूल जन्मते. यात मातापित्यांचा दोष नसतो. ग्रहण, दृष्ट, पूर्वजन्मीचे पाप इत्यादी समजुती शिक्षकांनी शांतपणे व पुनःपुन्हा दूर कराव्यात.

या बालकांचे स्नायू सैल असतात व सांधे बांधणारे अस्थिबंधही ढिले असतात. पावलाच्या मधला उंचवटा, ज्यास कमान म्हणतात, तो या बंधांच्या ताणावर उभा असतो. ताण ढिला पडला की कमान भुईस टेकते, घोटा आतल्या बाजूस कलतो व टाच बाहेर सरकते. मूल पाय फाकवून, पावले बाहेर वळवून चालते. पुष्कळांस पहिले पाऊल टाकावयासच दोन वर्षे लागतात, काहींना त्याहूनही अधिक. शिवाय पाऊल लांबीने आखूड, पुढे रुंद, आणि अंगठा व त्याशेजारचे बोट यांत मोठी फट, अशी त्याची ठेवण असते. वय वाढते तसे अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे येऊन तेथे गाठ होण्याचा संभव असतो. पाच-सहा वर्षांपर्यंत सर्वच मुलांची पावले थोडीफार सपाट असतात, हेही लक्षात ठेवावे. सपाट पाऊल दिसले की लगेच घाबरण्याचे कारण नाही.

आता मुख्य अडचण पाहू. दुकानातील बुटाचा क्रमांक हा लांबीचा क्रमांक असतो. रुंद पाऊल त्या क्रमांकाच्या बुटात जात नाही, म्हणून आईबाप एक-दोन क्रमांक मोठा बूट घेतात. पाऊल आत जाते. सगळ्यांस समाधान वाटते. परंतु बूट ज्या ठिकाणी वाकावयास हवा तेथे तो वाकत नाही. चालताना पाऊल बोटांच्या मुळाशी वाकते, आणि लांब बुटाचा वाकण्याचा भाग त्याच्याही पुढे गेलेला असतो. टाच आत वरखाली घासते, पुढचे रिकामे टोक दगडाला अडते व मूल तोंडघशी पडते. ज्याचा तोल मुळातच कच्चा, त्याच्या पायी आपण होऊन अडथळा बांधल्यासारखे हे होते. उलटपक्षी, लांबीने बरोबर पण अरुंद बूट घातला तर करंगळीवर व अंगठ्याच्या मुळावर घट्टे पडतात. ही चूक केवळ आपल्याकडचीच नव्हे. ऑस्ट्रेलियात अशा मुलांच्या पादत्राणांची तपासणी झाली, तेव्हा पुष्कळांचे बूट पावलापेक्षा अरुंद असल्याचे आढळून आले.

यास्तव माप घेण्याची रीत बदलावी. मुलाला जमिनीवर कागदावर उभे करावे. बसलेल्या मुलाचे माप घेऊ नये, कारण भार पडताच हे ढिले पाऊल पसरते. माप दुपारनंतर घ्यावे, पायमोजा घालून घ्यावे, आणि दोन्ही पायांचे घ्यावे. पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ ओढावी. ही आकृती कापून ती बुटाच्या तळावर ठेवली, की बूट कोठे अपुरा पडतो ते अक्षरशत्रू पालकासही दिसते. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे एका बोटाच्या रुंदीएवढी जागा असावी. टाचेचा भाग ताठ असावा. दोन बोटांनी दाबून तो चेपला तर तो बूट या मुलास उपयोगी नाही. तोंडाशी रुंद, वर चिकटपट्टी असलेला आणि पुरेसा खाली उघडणारा बूट उत्तम. योजनेतील बूट असा नसेल, तर मापाची कागदी आकृती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून या एका मुलासाठी निराळी जोडी मागावी. सर्वांना एकसारखे देणे ही समता नव्हे, हे समितीतील मंडळींस ती आकृती पाहून लवकर पटते.

अंगठ्याच्या पट्ट्याची चप्पल आपल्याकडे घरोघरी असते. अंगठा व बोट यांतील फट पाहून काहींना वाटते की ही चप्पल या मुलांसाठीच केली आहे. वस्तुतः ती पायात टिकवावयास बोटांनी पट्टा धरून ठेवावा लागतो, आणि तेवढी पकड या बोटांत नसते. टाचेमागे पट्टा असलेली सँडल बरी. गावच्या मोच्याकडून साध्या चपलेसही मागचा पट्टा लावून घेता येतो. अनवाणी पाठविणे मात्र नको. उन्हाळ्यातील तापलेली भुई, बाभळीचे काटे, पऱ्हाटी काढल्यानंतर शेतात राहिलेले खुंट, हे सर्व आहेच; शिवाय अंकुशकृमी दूषित मातीतून पायाच्या कातडीवाटेच शरीरात शिरतो.

वर्धेच्या परिसरास पादत्राणाचा विषय परका नाही. १९१० साली स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी हर्मन कॅलनबाख यांच्याकडून चपला करावयास शिकले होते, आणि पुढे वर्ध्याजवळ नालवाडीस चर्मालय चालविले गेले. हाताच्या कामातून शिक्षण, हा विचार तर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतच मांडला गेला. त्या दृष्टीने पाहिले तर वर्गातील सर्व मुलांनी एकमेकांच्या पावलांच्या आकृती काढून लांबी-रुंदी मोजणे, हा मोजमापाचा चांगला पाठ होईल, आणि एकट्या मुलास वेगळे काढून त्याचे माप घेण्याचा अवघडलेपणाही टळेल.

पायाची कातडी या मुलांत बहुधा कोरडी असते. टाचेस भेगा पडतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते. बेचकी फडक्याने टिपून कोरडी करावी, टाचेस तेल लावावे, बेचकीत मात्र लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. ओला पायमोजा दिवसभर पायात राहू देऊ नये. दुसरी जोडी शाळेतच ठेवावी.

बूट नीट असूनही मूल चालत नसेल, तर मात्र अधिक शोध घ्यावा. यांपैकी सुमारे निम्म्या मुलांस जन्मतः हृदयाचा दोष असतो. चालताना धाप लागणे हे बुटाचे लक्षण नव्हे. चाल अकस्मात बिघडली, मान वाकडी राहू लागली, हातापायांतील जोर कमी झाला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सरकल्याची शंका घेऊन विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. याच कारणास्तव या मुलांस कोलांट्या मारावयास लावू नये. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा या मुलाचे पाय उघडे करून दाखवावेत. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जिल्ह्यातच आहेत. बुटात घालावयाच्या आधाराच्या गाद्या त्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात; बाजारात मिळते म्हणून प्रत्येक सपाट पावलाखाली गादी सारू नये.

शेवटची गोष्ट वर्गाच्या दाराशी घडते. आपल्या शाळांत मुले पादत्राणे ओट्यावर काढून आत येतात. या मुलास ती काढावयास व घालावयास वेळ लागतो, आणि घंटा झाली की इतर मुले त्यास ओलांडून पळतात. भिंतीशी एक ठेंगणा पाट ठेवावा. दोन्ही बुटांच्या आतल्या कडांस रंगाचा अर्धा-अर्धा ठिपका द्यावा. बूट शेजारी ठेवले की ठिपका पूर्ण होतो, आणि डावा-उजवा ओळखता येतो. प्रथम केवळ चिकटपट्टी दाबण्याचे शेवटचे काम मुलाकडे द्यावे. ते जमले की त्याआधीचे, मग त्याआधीचे. दर तीन महिन्यांनी, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर अवश्य, कागदावरील जुनी आकृती काढून तीवर पाऊल पुन्हा ठेवून पाहावे.