हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन

शस्त्रक्रियेच्या मेजावर रोगी दगावला, तर तो शस्त्राने दगावला, मूळ व्याधीने दगावला की भुलीने दगावला, हा प्रश्न भुलीच्या विद्येइतकाच जुना आहे. आणि त्याची रीतसर चौकशी करण्याचा एकोणिसाव्या शतकातील एक फार मोठा प्रयत्न आपल्या शेजारी, निजामाच्या हैदराबादेत झाला, ही गोष्ट आज वैद्यकाबाहेर फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

१८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टन येथे ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया लोकांसमक्ष दाखविण्यात आली आणि पुढच्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. त्याला तीन महिने पुरते होण्याच्या आतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळच्या एका गावी हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासारख्या क्षुल्लक कामात प्राणास मुकली. मुलगी भेदरलेली होती, रडत होती. तिला खुर्चीवर बसविले, चहाच्या चमच्याएवढा क्लोरोफॉर्म फडक्यावर ओतून ते नाकाशी धरले, आणि शस्त्र लागताच तिने पाय झटकला, चेहरा पांढराफटक पडला, नि काही मिनिटांतच सारे संपले. शुद्धीवर आणण्यासाठी पाजलेले पाणी व ब्रँडी घशात जाऊन ती गुदमरली, असे सिम्प्सन यांचे म्हणणे. तर लंडनचे जॉन स्नो, ज्यांनी पुढे १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीस प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिला, त्यांच्या मते तीव्र वाफेने हृदयच एकाएकी बंद पडले होते. अशा रीतीने दोन पक्ष पडले. एडिंबरोकडील शिकवण अशी की, रोग्याचा श्वास तेवढा सांभाळा, नाडीची चिंता नको. लंडनकडील वैद्य म्हणत, नाडीवरचे बोट हलवू नका.

एडिंबरोचेच शिष्य एडवर्ड लॉरी हे हैदराबादेस रेसिडेन्सी सर्जन व तेथील वैद्यकशाळेचे प्रमुख होते. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते बाटलीत टिकणेच कठीण, शिवाय ते भडका घेते. तेव्हा हिंदुस्थानात क्लोरोफॉर्मवाचून गत्यंतर नव्हते आणि तो निर्धोक ठरणे लॉरी यांना अगत्याचे वाटे. १८८८ मध्ये त्यांनी पहिले कमिशन नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले व श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो, असा निष्कर्ष काढला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्राने तो मानला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड मंजूर केले, आणि त्या रकमेतून ‘लॅन्सेट’तर्फे लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ १८८९ मध्ये हैदराबादेत दाखल झाले. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे अशा शेकडो प्राण्यांना भूल देण्यात आली. रक्तदाब मोजून त्याच्या रेषा फिरत्या नळकांड्यावर उमटविण्यात आल्या. निष्कर्ष पुन्हा तोच निघाला. लॉरी यांच्या शाळेत शिकून क्लोरोफॉर्म देण्यात निष्णात झालेल्या रूपाबाई फर्दूनजी यांची गणना पुढे जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत होऊ लागली, हेही त्या शाळेचे मोठेच देणे होय.

आणि तरीही कमिशनचा निष्कर्ष चुकीचा होता. प्रयोगांत कसूर नव्हती, मेहनतीत नव्हती, नोंदींतही नव्हती. प्रश्न विचारताना प्राण्याची जी अवस्था गृहीत धरली ती मात्र हॅना ग्रीनरची नव्हती. हैदराबादेतील प्राण्यांना क्लोरोफॉर्म अखंड देत देत गाढ भुलीपर्यंत व पुढे मृत्यूपर्यंत नेले जाई, आणि त्या वाटेने गेल्यास श्वास खरोखरच आधी थांबतो. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की, धोका गाढ भुलीपेक्षा उथळ भुलीत अधिक असतो: भूल अर्धवट असताना अॅड्रेनॅलीन रक्तात उसळले, मग ते टोचल्याने असो की भय आणि वेदना यांनी असो, तर क्लोरोफॉर्मने हळवे झालेले हृदय ठोके सोडून नुसते थरथरू लागते आणि श्वास चालू असतानाच रक्ताभिसरण थांबते. नखासाठी खुर्चीवर बसविलेली, रडणारी, अर्धवट गुंगलेली मुलगी नेमकी याच अवस्थेत होती. माझ्या मते वैद्यकीय संशोधनाच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण: हजार वेळा केलेला प्रयोगही, तो रोग्याच्या वास्तव स्थितीशी जुळत नसेल, तर रोग्याविषयी काही सांगत नाही.

पुढे संशोधनाचा रोख खुद्द रोग्यांच्या दप्तराकडे वळला. अमेरिकेत बीचर व टॉड यांनी १९४८ ते १९५२ या पाच वर्षांत दहा रुग्णालयांतील सुमारे सहा लाख भुलींची नोंद तपासून १९५४ मध्ये प्रसिद्ध केले की, दर १५६० रोग्यांमागे एकाच्या मृत्यूस भूल सर्वस्वी किंवा अंशतः कारण होती. क्लोरोफॉर्म मागे पडला. १९५६ पासून वापरात आलेल्या हॅलोथेनच्या बाबतीतही अॅड्रेनॅलीन जपून वापरण्याची ताकीद मात्र कायम राहिली. आज भूलतज्ज्ञ श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू यांवर एकाच वेळी नजर ठेवतो. जुन्या दोन्ही पक्षांचे सांगणे त्याने पदरात घेतले आहे.

आपल्यावर किंवा घरातील कोणावर शस्त्रक्रिया ठरली, तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटावयास येईल तेव्हा त्याच्यापासून काही लपवू नका. चालू असलेली औषधे, दमा, तंबाखू, दारू, शेवटचे खाणे केव्हा झाले, मागच्या भुलीत आपल्याला किंवा रक्ताच्या नातेवाइकाला काही त्रास झाला होता काय, हे सर्व स्पष्ट सांगा. आणि मनात भीती असेल तर तीही सांगा.