परकीय व्यापार क्षेत्रे आणि औषधनिर्मिती

कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी शुल्क, या स्थितीस ‘उलटी शुल्करचना’ म्हणतात. अमेरिकेत १९९५ पासून अनेक औषधांवरील मूळ सीमाशुल्क शून्य झाले. काही घटकद्रव्यांवर मात्र ते राहिले. परिणामी स्वदेशी कारखानदारच आयातदारापुढे तोट्यात! १९३४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली परकीय व्यापार क्षेत्रे हा दोष दूर करतात. (तेथे वस्तुनिर्माणाची मुभा मात्र १९५० मध्ये मिळाली.) संबंधित मंडळाने उत्पादनास मान्यता दिल्यास निर्मात्याला देशांतर्गत विक्रीच्या वेळी घटकद्रव्याऐवजी तयार औषधाचा दर स्वीकारता येतो. २०२५ मधील अनेक अतिरिक्त शुल्कांबाबत ही निवड नाकारली गेली. त्यांचा दर माल क्षेत्रात येतानाच निश्चित होई. भारताच्या २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यात निवड नाही. देशांतर्गत विक्रीवर तयार मालाच्या आयातीइतकेच शुल्क लागते.