मुलांनाही संधिवात होतो!

संधिवात म्हटला की आजी-आजोबांचे गुडघे आठवतात. त्यामुळे सहा वर्षांचे मूल सकाळी लंगडत उठले, तर ‘पडले असेल’, ‘वाढीचे दुखणे असेल’ म्हणून तेल चोळले जाते. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील मुले शाळेला लांबून चालत जातात. पाय दुखणारच, असेही वाटते. पण फरक ओळखणे अवघड नाही.

वाढीचे दुखणे संध्याकाळी किंवा रात्री येते. दोन्ही पाय दुखतात, सूज नसते, सकाळी मूल धावू लागते. संधिवातात उलटे होते. सकाळी सांधा आखडतो, उकिडवे बसता येत नाही आणि दिवस चढेल तसे मूल मोकळे होते. म्हणूनच शाळेत ते ठणठणीत दिसते आणि घरी ‘सोंग करतो’ म्हणून बोलणी खाते.

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली सांध्याची सूज ६ आठवडे टिकली व दुसरे कारण सापडले नाही, तर हा आजार समजतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. रक्तातील ‘आर. ए. फॅक्टर’ बहुतेक मुलांत आढळत नाही. तेवढ्यावरून निर्धास्त राहू नये. एकच सांधा सुजला असेल, तर क्षयाचीही शंका घ्यावी लागते. मात्र जोराचा ताप असून मूल सांध्याला हात लावू देत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काही मुलांच्या डोळ्यांतही दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. नजर मात्र जाऊ शकते. म्हणून तक्रार नसली तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने नेत्रतज्ज्ञांकडून डोळे तपासून घ्यावेत.

सूज उतरविण्याच्या गोळ्या, सांध्यात इंजेक्शन व मेथोट्रेक्सेट हे यावरील उपचार. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज दिल्यास जिवावर बेतते. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. बरे वाटले म्हणून औषध परस्पर थांबवू नये. लस देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

सांधा डागणे, जोराने रगडणे टाळावे. सकाळी गरम पाण्याचा शेक द्यावा. मुलाला अंथरुणात डांबू नये. सायकल, पोहणे चांगले.

प्रथम कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. तेथून गरजेप्रमाणे परळचे वाडिया बाल रुग्णालय लोकलने गाठता येते. उपचार वेळेवर सुरू झाले, तर बहुतेक मुले शिकतात, खेळतात. उशीर झाला, तर वाकडा झालेला सांधा सरळ करणे कठीण!