कमान भगवी, नवरदेव नको

निमोण्यासारख्या गावात लग्नाचा फ्लेक्स बहुधा फोटोशॉपच्या तयार पीएसडी फाइलवरच बेततात. ‘हिरवी कमान भगवी करा’ म्हटलं, की नवखा ऑपरेटर सगळं चित्र एकत्र करून ह्यू-सॅच्युरेशन, म्हणजे रंगछटा बदलणारी पट्टी, फिरवतो. नवरदेवाचा चेहराही रंगतो!

यावरचा उपाय जुनाच आहे: 1994 साली फोटोशॉप 3.0 मध्ये लेयर आले. कमान, फोटो, अक्षरं जणू वेगवेगळ्या पारदर्शक कागदांवर. कमानीच्या लगेच वर ह्यू-सॅच्युरेशनचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या, ऑल्ट दाबून दोन्ही लेयरच्या मधल्या रेषेवर क्लिक करा. रंग फक्त कमानीचा बदलतो, मूळ हिरवा खाली शाबूत. पांढरा मात्र ह्यू सरकवून ढिम्म हलत नाही. ‘कलराइज’ला टिक करून सॅच्युरेशन वाढवा, लाइटनेस उतरवा. निवडणुकीत फ्लेक्सची अशीच फाइल पक्षागणिक रंग बदलते, तीही चार क्लिकांत.