आतली धडधड बाहेर किती दिसते?

'तुला कसं जमलं?' ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ समांथा कार्टराइट-हॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा साधा प्रश्न दहा-अकरा वर्षांच्या मुलांना विचारला. त्याआधी प्रत्येक मूल एका मोठ्या माणसाशी थोडा वेळ गप्पा मारून आलं होतं. त्यातली काही मुलं चारचौघांत बुजणारी होती, काही अगदी बिनधास्त. बुजऱ्यांनी स्वतःला कमी गुण दिले. मग त्याच गप्पा त्रयस्थ निरीक्षकांनी तपासल्या, तेव्हा त्यांना दोन गटांत फरकच सापडेना. २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मग मुलांनी गुण दिले ते कशाच्या आधारावर?

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात याचं उत्तर मिळतं. घाबरलेल्या माणसाचं लक्ष समोरच्यावरून उडून स्वतःकडे वळतं. छाती धडधडते, कान तापतात, घशाला कोरड पडते. हे सगळं जितकं तीव्रपणे जाणवतं तितकंच ते इतरांना दिसतंय, असं तो धरून चालतो. समोरचा हसतोय, मान डोलावतोय, हे टिपायला लक्ष उरतच नाही.

म्हणूनच अबोल मुलाला घाईघाईने व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात घालण्याआधी थांबायला हवं. जे त्याला येतंच, ते पुन्हा शिकवलं तर 'आपल्यात खोट आहे' हा त्याचा समज पक्का होण्याची भीती आहे.

अर्थात प्रत्येक मुलाची भीती निराधार नसते. ऑस्ट्रेलियात सू स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सोशल फोबियाचं निदान झालेली मुलं अभ्यासली. ती शाळेत आपणहून कमी बोलत होती, उत्तरंही तोकडी देत होती. अशा मुलांना सराव लागतोच. गल्लत होते ती दोघांना एकच औषध देण्यात.

फरक ओळखायला आणि समज सुधारायला व्हिडिओचा उपयोग होतो. मोठ्यांवरच्या प्रयोगांत त्याची एक रीत ठरली आहे. चित्रण पाहण्याआधी 'मी किती अडखळलो असेन, चेहरा किती लाल दिसेल' याचा नेमका अंदाज सांगायचा. मग पडद्यावरच्या माणसाकडे परका म्हणून पाहायचं आणि अंदाज ताडून बघायचा. ही तयारी न करता नुसता व्हिडिओ दाखवला, तर लाभ कमी होतो. पाहतानाही आतली धडधड आठवत राहते आणि गुण पुन्हा तीच देते.