घर मळ्याचं, आपण कुठले?

आज बोलू इंद्रबहादुर राई यांच्या ‘आज रमिता छ’ या १९६४च्या नेपाळी कादंबरीबद्दल. नेपाळी म्हटलं की आपण थेट काठमांडूला पोचतो. ही गोष्ट मात्र दार्जिलिंगची, म्हणजे भारतातली. चहामळ्यातल्या कामगारांचा लढा तिच्यात येतो.

आता मळ्याचं गणित बघा. राहतं घर मळ्याचं, म्हणून घरातल्या कुणाला तरी तिथे राबावंच लागतं. काम सुटलं की छप्पर धोक्यात. आणि पिढ्यान् पिढ्या इथेच जन्मून वर ‘तुम्ही बाहेरचे’ हे ऐकायचं! मग मजुरी मागणं आणि ‘आम्ही इथलेच’ म्हणणं वेगळं कसं काढायचं? मला तरी वाचताना जमलं नाही. १९५५मध्ये तिथल्याच मार्गारेट्स होप मळ्यात आंदोलक कामगारांवर गोळीबार झाला होता.

मंजुश्री थापांनी केलेला इंग्रजी अनुवाद मिळतो, तो वाचा.